शेळीचा मागचा पाय

प्राझोट गावाहून खिंडीकडे जाणारी पायवाट उन्हाळ्याच्या सुरुवातीला केव्हा उघडायची हे ठरवताना पायवाटेकडे कोणी पाहत नाही. पाहतात ते शेळीकडे. गावासमोरच्या उत्तराभिमुख उतारावर हिवाळ्याचा बर्फ विरू लागला की उरलेल्या बर्फाची एक शेळी तयार होते: डोके, धड, चार पाय आणि ज्याची दृष्टी उदार आहे त्याला दाढीसुद्धा. जून महिनाभर ती रोडावत जाते. तिचा मागचा पाय धडापासून सुटला की वाट उघडी. सुटला नाही तोवर बंद. हा नियम चीज बनवणाऱ्या डेअरीच्या भिंतीवर रंगवलेला असून दर काही वर्षांनी त्यावर नवा हात फिरवला जातो.

बर्फ मोजणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे सुरुवातीला ही समजूत खोडून काढण्याचा मी रीतसर प्रयत्न केला. आकडे शेळीच्या बाजूने गेले. कारणही साधे निघाले. वाटेवरची एकमेव धोक्याची जागा म्हणजे खिंडीखालची घळ, आणि ती घळ व शेळीचा मागचा पाय यांना सारखाच उतार, सारखीच सावली आणि वाऱ्याने आणलेला सारखाच बर्फ मिळतो. पाय सुटतो तेव्हा घळही मोकळी झालेली असते. शेळी हा एक बऱ्यापैकी तापमापक आहे, एवढाच याचा अर्थ. गावाने मात्र माझ्या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा सोडून दिला, आणि मला वाट-समितीवर नेमले.

समिती तिघांची. डेअरी चालवणारे बाल्त्सर अध्यक्ष. शाळेत शिकवणाऱ्या आणि गावच्या बँडचे संचालन करणाऱ्या मेंजाबाई. आणि मी, नेसा. बैठक डेअरीसमोरच्या बाकावर, दुर्बिणीपाशी भरते.

यंदा प्रश्न माझ्या काकांचा होता. जूनच्या शेवटच्या रविवारी आमचा बँड वाद्ये पाठीवर घेऊन खिंड ओलांडतो आणि पलीकडच्या मालेरा गावच्या जत्रेत वाजवतो. आगगाडी आणि बस बदलत डोंगराला वळसा घालूनही तिथे पोहोचता येते. परंतु त्याला कोणी येणे म्हणत नाही. लुत्सीकाका ट्यूबा वाजवतात. बँडमधले ते सर्वांत मोठे आणि सर्वांत जड पितळी वाद्य त्यांनी तरुणपणापासून दरवर्षी खिंडीपलीकडे नेलेले आहे. जुलैत त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता. नव्या गुडघ्याने चालता येईल, पण ओझे घेऊन डोंगर उतरता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणजे हे शेवटचे वर्ष. काकांनी हे एकदा, सॉसेज कापताना, सांगितले आणि पुन्हा विषय काढला नाही.

शेळी मात्र सहकार्य करीत नव्हती. मे महिन्यात अवेळी बर्फ पडला, पाठोपाठ दक्षिणेकडून गरम वारा आला आणि वरचा भाग आधी वितळला. जत्रेच्या आठवड्यात शेळीचे डोके गेले होते. पाय चारही शाबूत होते.

"डोकं नाही," दुर्बिणीवरून डोळा न काढता बाल्त्सर म्हणाले. "डोकं नाही म्हणजे ती शेळी नाही. आणि शेळीच नाही तर मागचा पाय कुणाचा?"

"मग वाट उघडा," मेंजाबाई म्हणाल्या.

"कशी उघडू, बाई? पाय सुटायला पाहिजे असं लिहिलंय. शेळीच नाही म्हटल्यावर तो आता कधीच सुटणार नाही. वाट कायमची बंद."

"असं कसं? चार पाय आणि वर सपाट. काहीतरी आहे ना ते?"

बाल्त्सरनी पुन्हा निरखून पाहिले. "टेबल आहे," ते म्हणाले. "टेबलाबद्दल नियमात काही नाही."

घळीत अजून पुरुषभर बर्फ आहे आणि तोच खरा प्रश्न आहे, असे मी सांगितले. दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिले. आपण ज्याचे ऐकणार नाही अशा माणसाकडे आमच्याकडे असेच पाहतात.

लुत्सीकाका बाकाच्या टोकाला बसून ट्यूबाच्या झडपांना तेल देत होते. "डोकं गेलं तरी बकरीला बकरीच म्हणतात," ते म्हणाले. "खाटकाकडे विचारा."

हा युक्तिवाद निर्णायक ठरला. शेळी शेळीच आहे असे एकमताने ठरले, आणि त्यामुळे तिचा पाय सुटणे आवश्यक झाले. तो आपोआप सुटण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा मेंजाबाईंनी सुचवले की वर जाऊन फावड्याने तो सोडवावा.

"बाई," मी म्हटले, "ताप आलेल्या माणसाचा तापमापक गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरत नाही."

"माझ्या वर्गातली पोरं उलटं करतात. गरम चहात बुडवतात. निम्म्यांना सुट्टी मिळते."

"पण पायापर्यंत जायला घळ ओलांडावी लागेल. घळ ओलांडता आली तर वाट उघडीच आहे, मग पाय कशाला तोडायचा? आणि ओलांडता आली नाही, तर पाय तोडायला जाणार कसे?"

"नेसा," बाल्त्सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू फार पुढचं बोलतेस. आधी पाय."

शनिवारी सकाळी बँड फावडी घेऊन निघाला. कामासाठी बंद वाटेवरून जायला हरकत नसते. हरकत फक्त चालायला असते. मीही गेले, कारण ते जाणारच होते आणि बर्फात पायऱ्या कोरण्याचा सराव असलेली त्यांच्यात मी एकटी होते. गुडघ्यामुळे काका मागे राहिले, बाल्त्सरसोबत बाकावर. घळीच्या काठावर मी सगळ्यांच्या बुटांना काटे बांधले, कुऱ्हाडीने घट्ट बर्फात रुंद पायऱ्या कोरल्या आणि दोन्ही बाजूंच्या खडकांना दोर बांधला. सगळे नीट पलीकडे गेले. आता ही वाट, शेळी सोडली तर, कोणालाही सकाळच्या वेळी ओलांडण्याजोगी झाली होती. हे मी बोलून दाखवले. शेळी सोडून कसे चालेल, असे ट्रॉम्बोनवाल्याने विचारले.

पलीकडे एक अडचण कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. शेळीवर उभे राहिले की शेळी दिसत नाही. आमच्याभोवती नुसता मळकट, खडबडीत बर्फ होता. कुठे पोट, कुठे पाय, काहीही कळत नव्हते. शेवटी मेंजाबाईंनी बाल्त्सरना फोन लावला आणि सर्वांना ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"अजून डावीकडे," बाल्त्सर म्हणाले. "हां. खणा. थांबा, थांबा. ती कास आहे."

"मग पाय कुठं?"

"कासेच्या मागं. कुठं असतो पाय? आयुष्यात कधी दूध काढलं नाही का कुणी तुमच्यापैकी?"

फोनमागून काकांचा आवाज आला. "त्यांना सांग, लाल टोपीवाला उभा आहे तिथं. हो, तिथंच. अन् त्याला म्हणावं, शेपटीवर बसू नको."

दुपार होण्याआधी मांडी आणि धड यांच्यामध्ये खालचा खडक दिसेल असा चर पडला. बाल्त्सरनी पाय सुटल्याचे जाहीर केले. समितीतील दोघे शेळीवर आणि तिसरे दुर्बिणीपाशी होते, तेव्हा बैठकही तिथेच झाली. मी विरोधात मत दिले. दोन विरुद्ध एक मताने वाट उघडली. बाल्त्सर वाटेच्या तोंडावरचा आडवा दांडा काढायला गेले आणि आम्ही पाव-चीज खायला वरच्या खडकावर बसलो.

चर पाडताना आम्ही वरच्या बर्फाचा आधार काढून घेतला होता. उन्हाने भिजलेला तो थर आमचे जेवण संपायच्या आत सावकाश, काहीही न मोडता, हातभर घसरला आणि चर बुजला. फोन वाजला.

"पाय परत लागला," बाल्त्सर म्हणाले.

"कुठं?" मेंजाबाईंनी विचारले.

"होता तिथंच. जरा जाड झालाय."

"मग?"

"मग काय, बाई? बंद केली वाट. दांडा लावला." मग म्हणाले, "एक भानगड आहे. लुत्सी वर गेलाय."

"कधी?"

"उघडी होती तेव्हा. मी दांडा काढला अन् हा ट्यूबा घेऊन चालायलाच लागला. मी म्हटलं, अरे उद्या आहे जत्रा. म्हणाला, उद्याचं काय सांगावं."

"आता त्याला परत बोलवा."

"कसा बोलवू? परत येताना बंद वाटेवरून येईल. पुढं गेला तरी बंद वाटेवरून जाईल. सध्या तो जिथं उभा आहे तिथंच काय तो नियमात आहे. म्हणून विचारतोय, काय करायचं त्याचं?"

आम्ही घाईने उतरलो. दुपारी घळ वेगळीच असते. सकाळी कुऱ्हाडीला सहज दाद न देणारा बर्फ आता पोटरीपर्यंत आत घेत होता, खालून पाण्याचा आवाज येत होता आणि दोनदा वरून दगड सुटले. मी एकेकाला दोराला अडकवून पार केले आणि शेवटी स्वतः आले.

काका घळीच्या गावाकडच्या काठावर एका दगडावर बसले होते. पाठीवर ट्यूबा तसाच होता. त्यांनी सगळे पाहिले होते.

"बाल्त्सरचा फोन आला होता," ते म्हणाले. "पायाचं कळलं."

"काका, पायाचं म्हणजे..."

"शेळीचं राहू दे गं. बर्फाचं सांग."

इतक्या वर्षांत समितीसमोर किंवा समितीबाहेर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी काठी खुपसून पाहिली. उत्तर मला आधीच माहीत होते, पण विचारलेच आहे तर नीट पाहावे असे वाटले.

"आत्ता नाही," मी म्हटले. "आज आकाश मोकळं राहील. पहाटेपर्यंत गोठेल सगळं. तेव्हा पायऱ्या धरतील. ओझ्यासकट धरतील."

"मलाही?"

"पायरी धरेल. पण एका पायावर उभं राहून दुसरा उचलावा लागतो. दर दुसऱ्या पायरीला सगळं वजन उजव्या गुडघ्यावर येईल. ट्यूबाचं धरून. बर्फाचं मी सांगू शकते, काका. गुडघ्याचं तुम्ही सांगा."

ते उठले. काठावर, जिथे पडले तरी काही होणार नव्हते, तिथे पहिली पायरी होती. तिच्यावर त्यांनी उजवा पाय ठेवला, वजन टाकले आणि डावा उचलला. क्षणभर उभे राहिले. गुडघा थरथरत होता. पँटच्या कापडावरून ते सर्वांना दिसत होते. त्यांनी डावा पाय खाली टेकवला, थोडे थांबून पुन्हा उचलला. पुन्हा तेच झाले. मग ते खाली उतरले आणि खांद्यावरचे पट्टे सोडवू लागले. एरवी ज्यांचे बोलणे थांबत नाही त्या मेंजाबाई पाठ फिरवून, गुंडाळायची गरज नसलेला दोर गुंडाळत राहिल्या.

"घे," काका म्हणाले. "ओला होऊ देऊ नको. दुसरी झडप चिकटते."

"काका, बसनं नेता येईल तो तुमच्यासोबत."

"त्याचा गुडघा चांगला आहे," ते म्हणाले. "त्यानं का बसनं जायचं?"

गावात बाल्त्सरनी दांडा उचलला नाही. ते डोंगराकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे काका दांड्याखालून वाकून आल्याचे समितीच्या निदर्शनास आले नाही.

रविवारी वाट बंदच होती, त्यामुळे बँड आगगाडीने गेला. समितीच्या सदस्याला मात्र तपासणीसाठी बंद वाटेने जाता येते, आणि तपासणीला जाताना पाठीवर काय असावे याविषयी नियम नाही. मी पहाटे निघाले. पायऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. बुटांचे काटे त्यांवर करकरत होते. ट्यूबाने मला दोनदा मागे ओढले आणि काका हे इतकी वर्षे कसे करीत होते ते मला कळले नाही. खिंडीत वारा होता. तो वाद्याच्या तोंडात शिरला आणि पाठीवरून एक खोल, लांब सूर निघाला. पोकळ नळीवरून हवा गेली की असे होते. त्यात विशेष काही नाही. मी थोडा वेळ तशीच वाऱ्याकडे तोंड करून, मग पाठ फिरवून उभी राहिले. पाठ फिरवल्यावर सूर थांबला.

मालेराच्या मैदानात लांब टेबल मांडले होते. तिथली रीत अशी की खिंड चालून आलेले बसून जेवतात, बाकीचे उभ्याने.

"कितीजण आलात चालत?" वाढणाऱ्या बाईने विचारले.

"मी आणि हा," मी ट्यूबा उतरवत म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि दोन खुर्च्या ओढल्या. त्याच्यापुढे ताट ठेवावे की नाही याबद्दल तिच्या मनात क्षणभर शंका आली असावी, पण तिने ठेवले.

दुपारी बस आली. काका गर्दीतून वाट काढत आले आणि आपल्या ट्यूबाच्या खुर्चीमागे थांबले. कोणीतरी त्यांच्या हातात जवाच्या सुपाचा वाडगा दिला. एवढ्या वर्षांत त्यांनी इथे उभ्याने खाल्ले नव्हते. वाडगा कुठे टेकवावा हे त्यांना समजेना. वाढणारी बाई ओशाळली आणि ट्यूबा उचलायला पुढे झाली.

"अहो, तुम्ही बसा ना. मी हा बाजूला ठेवते."

"राहू द्या," काका म्हणाले. "चालत आलाय तो."

त्यांनी वाडगा खुर्चीच्या पाठीवर, ट्यूबाच्या कडेला टेकवला आणि तिथेच उभे राहून सूप संपवले. मी माझी खुर्ची देऊ केली. त्यांनी मान हलवली. मग मेंजाबाईंनी छडी उचलली, बाकीचे रांगेत उभे राहिले, आणि ट्यूबाला उठवावे लागले.