ढिली हलगी

कृष्णात या माणसाची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. कोल्हापुरात त्यांचं लोककलेचं प्रतिष्ठान. खादीचा झब्बा, गळ्यात शोभेपुरती कवड्यांची माळ आणि बोलताना समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत दाबून ठेवायची खोड. आमच्या घरात पाऊल टाकलं ते "जयभीम, भाऊसोकाका!" असं लांबवत, जणू गाडीत बसून घोकत आले होते. आबांचा हात त्यांनी चहा येईपर्यंत सोडला नाही.

दोन हजार चार सालचा हिवाळा होता. कोडोलीच्या पलीकडं वारणेकाठी आमचं गाव. गावाच्या एका अंगाला आमची बौद्धांची वस्ती, आणि वस्तीत माझ्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भीमगीतांचं मंडळ. पेटी आबांची, ढोलकी चुलत्याची, मागं पाच-सहा जणांचा कोरस. जयंतीला चार तालुक्यांतून बोलावणी यायची. मी कोडोलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळं या प्रकरणात दुभाषी म्हणून माझीच मान अडकली.

प्रकरण असं, की भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावरचे गाणारे लोक इकडं येणार होते. फाबियो नावाचा एक संगीतकार त्यांना घेऊन येणार. तो स्वतः बेटावरचा नव्हे, मोठ्या शहरातला. बेटावरच्या लोकांबरोबर गाणी बसवून जगभर फिरायचा. इथल्या गाणाऱ्यांबरोबर आठवडाभर राहायचं, दोन्हीकडचं मिळून काहीतरी बसवायचं, आणि शेवटी कोल्हापुरात थिएटरात प्रयोग. "तुमची गाणी, तुमच्या पद्धतीनं," कृष्णात म्हणाले. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

बेटाचं नाव आबांच्या जिभेवर काही बसेना. ते सगळ्यांना सरसकट 'बेटकरी' म्हणू लागले. पीना नावाची पन्नाशीची बाई आणि तिचे दोन भाऊ. पीना बंदरावर मासे साफ करायची. हात माझ्या आईच्या हातांसारखे, चिरा पडलेले. गायला लागली की विहाराच्या ओसरीवर खेळणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. मांडीवर डफासारखं एक वाद्य घेऊन बसायची, ते हातानंच वाजवायची.

खरं सांगते, तो आठवडा छान गेला. पीना बोलायची ते फाबियो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत. पण दोन दिवसांनी आमची दोघांची कुणाला गरज राहिली नाही. होड्यांची वाट बघणाऱ्या बायकांचं एक गाणं होतं तिचं. ओळीच्या शेवटी ती आवाज मध्येच सोडून द्यायची आणि भाऊ तो उचलायचे. आबा मांडीवर हात मारून ओरडले, "आगं, ही तर आमच्यावानीच सोडतीया की!" मग तिनं ओळ सोडायची आणि आमच्या कोरसनं उचलायची, आबांनी सोडायची आणि तिच्या भावांनी. चुकलं की सगळे खो खो हसत. आबांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कृष्णात आले, थोडा वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाले, "भाऊसोकाका, यात हलगी आली तर?"

आबा म्हणाले, "ती न्हाय."

एवढंच. ते पुरे होतं, कारण आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा आजा गावची हलगी वाजवायचा. मेलेलं जनावर ओढायचं, मयताची वर्दी द्यायची आणि जत्रेत देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं. वरून भाकरी टाकायचे, ती खाली धोतराच्या सोग्यात झेलायची. आबा तेव्हा जाणते होते, आज्याच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. छप्पन साली धर्म बदलला आणि वस्तीनं सगळ्या हलग्या नेऊन वारणेत टाकल्या. तेव्हापासून आबांनी हलगीला हात लावला नाही. लग्नाच्या वरातीत हलगी आली की ते उठून घरात जात. लहानपणी मी विचारलं होतं, येते का हो तुम्हाला? "इसरलो," म्हणाले होते.

मी हे सगळं फाबियोला सांगितलं. तो म्हणाला, अर्थातच, अर्थातच. कृष्णातनी पुन्हा आबांचा हात धरला आणि तुमच्या भावनांचा मला आदर आहे म्हणाले. गोड बोलणारी माणसं मला आवडतच नाहीत. पण इतकं बिनबोभाट कबूल करणाऱ्यांना तर उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

प्रयोगाच्या दिवशी थिएटरात पोचलो तर कपड्यांचे गठ्ठे तयार. आबांसाठी धोतर आणि घोंगडं. आबांनी ते बोटानं बाजूला सारलं. "प्यान्टीवर गातो, न्हायतर घरला जातो." ते आपल्या पांढऱ्या शर्टावर, खिशाला पेन लावून बसले. पीनाला मात्र काळा घागरा आणि काळा रुमाल घालायला लावला होता. हे आमच्याकडं मयताला घालतात, ती मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली; फाबियोला प्रत्येक प्रयोगाला हेच हवं असतं. एवढं बोलून ती बेसिनमध्ये थुंकली. मला ती त्या क्षणी सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

होड्यांचं गाणं झकास झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आबांनी नमस्कार केला. आता उठायचं, एवढ्यात कृष्णात माईक घेऊन आले. मागून एक पोरगी ताट घेऊन आली. ताटात हार घातलेली कोरी हलगी आणि दोन काड्या.

"पन्नास वर्षं मुकी झालेली या समाजाची वडिलोपार्जित कला," कृष्णात म्हणाले, "आज या मंचावर पुन्हा बोलणार आहे!"

सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मी विंगेत होते. आबा नुसते बघत होते. तिकडं पीनाचा चेहरा फुलला होता. मला नंतर कळलं, बिचारीला फाबियोनं सांगून ठेवलं होतं, की यांना त्यांचं हरवलेलं वाद्य भेट द्यायचंय, तुम्ही सुरुवात करा. तिनं आपला डफ उचलला आणि ताल धरला. ओळ गायली. ओळीच्या शेवटी आवाज सोडला आणि आबांकडं बघितलं.

ती ओळ कुणीच उचलली नाही; तिचे भाऊही आबांकडंच बघत होते. पाहुणी बाई एवढ्या लोकांसमोर तोंड उघडं ठेवून थांबली होती. आबांनी हलगी घेतली.

घेतली आणि त्यांचा अंगठा आपोआप चामड्यावर गेला. दाबून बघितलं. "ढिली हाय," ते पुटपुटले, "शेकाय पायजे."

माईकनं ते पकडलं. थिएटरात हशा पिकला, शिट्ट्या पडल्या. आबा दचकले. पन्नास वर्षं इसरलो म्हणणारा माणूस आपल्याच अंगठ्यानं पकडला गेला होता. आणि पलीकडच्या विंगेतून एक माणूस पेटत्या निखाऱ्यांची लोखंडी पाटी घेऊन आला. लगेच. म्हणजे निखारे तयार होते! पीनाचं गाणं, आमचं हसणं, आठवडाभराचा सराव, सगळ्याच्या मागं ही पाटी धुमसत ठेवलेली होती.

आबांनी हलगी शेकली आणि वाजवली. काय वाजवली! छातीत धडधडत होतं. पीनाचे भाऊ नाचायला लागले. आबांचे डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की मला त्या सुखाचाच राग आला. हे सगळ्यांत वाईट होतं. त्यांना ते आवडत होतं, आणि ते कोणाच्या तरी ताटातून आलं होतं.

पडदा पडल्यावर मी कृष्णातना गाठलं. "लाज वाटते का तुम्हाला?"

"मॅडम, किती आनंदात होते ते! ही त्यांच्या रक्तातली कला आहे."

"रक्तातली होती, तर निखारे कशाला लागले तुम्हाला?"

ते हसले आणि माझाही हात धरायला आले. मी हात झटकला. पीनानं काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं तशी तिनं डोक्यावरचा काळा रुमाल ओढून काढला, फाबियोच्या अंगावर फेकला आणि आबांचे दोन्ही हात कपाळाला लावून काहीतरी बोलली. फाबियोनं त्याचं भाषांतर केलं नाही.

रात्री गाडीत आबा खिडकीशी बसले. हलगी मांडीवर होती. मी म्हटलं, वाटेत नदीत टाकूया. त्यांनी ती घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आणि दुपारी आमच्या दारात आकारामतात्या उभे! गावदेवीच्या जत्रा कमिटीचे प्रमुख. आमच्या वस्तीत ते मतं मागायलाच येतात. पायरी चढले नाहीत, खालीच थांबले.

"भाऊसो, हात अजून हाय की रं तुजा!" त्यांनी खिशातून सुपारी काढून आमच्या पायरीवर ठेवली. "पुनवंला जत्रा हाय. बाहेरनं हलगीवालं आणाय लागत्यात. आता घरचाच मानूस गावला."

"मी पावन्यांसाठी वाजवली, तात्या," आबा म्हणाले. "माज्या मर्जीनं."

"मग देवीसाठी मर्जी कर की! तुज्या बाची जागा हाय तशीच हाय."

"कंची?"

"पायरीखालची. दुसरी कंची?"

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चेहऱ्यावर आपण मोठा मान देतोय असा भाव. मला वाटलं, ती सुपारी उचलून त्यांच्या तोंडावर मारावी. आबा उठले, आत गेले. हलगी घेऊन आले आणि पायरीच्या कडेला उभं राहून त्यांनी ती आकारामतात्यांपुढं धरली.

"जरा धरा," आबा म्हणाले. "चामडं ताणलंय का ते अंगठ्यानं दाबून सांगा. एवढं केलंसा तर येतो जत्रंला."

आकारामतात्यांचे दोन्ही हात पाठीमागं गेले. पाऊलही मागं गेलं. "मी? मी कसा शिवू? आज सोमवार हाय माजा."

"मग मंगळवारी या."

तात्यांनी वाकून सुपारी उचलली, उपरण्याला पुसली आणि वस्तीच्या बाहेर चालू लागले.

आबांचा हात तसाच पुढं होता. मी जाऊन तो हात धरला आणि खाली घेतला, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू मला तिथंच फुटलं, नुसतं रागानं.