पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोघींची जोडी लागली, ती केवळ हजेरीपटावर नावं शेजारी होती म्हणून. एक इतकी लहानखुरी, की मायक्रोस्कोपमध्ये बघायला तिला स्टुलावर दप्तर ठेवून वर बसावं लागे. तिला सगळे बारकी म्हणत. दुसरीला आनुवंशिकीच्या प्रॅक्टिकलमधल्या फळमाश्यांनी असं काही वेड लावलं, की वर्गाने तिचं बारसंच केलं – माशी. तिला राग यायच्या ऐवजी ती कॉलर ताठ करून सांगायची, "राणी माशी म्हणा."

पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्याच या माश्या. बाटलीच्या तळाशी मक्याच्या पिठाचं खाद्य, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत त्यांचा सगळा संसार. बारकीला पहिल्या दिवशी त्या वासानेच मळमळलं होतं. माशी मात्र ईथरने गुंगलेल्या माश्या टेबलावरच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतून, बारीक ब्रशने नर एकीकडे, माद्या दुसरीकडे अशा सरसर करायची, जणू तांदूळ निवडतेय. मध्येच म्हणायची, "हा बघ, आपल्या वर्गातल्या लंबूसारखा चालतो." बारकी हसून हसून हिशेब चुकायची.

त्या सत्रात मॅडमनी प्रत्येक जोडीला एक संकर करायला दिला. या दोघींच्या वाट्याला आल्या पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर. गणित सोपं होतं: सगळ्या लेकी लाल डोळ्यांच्या निघणार, बापावर गेलेल्या, सगळे लेक पांढऱ्या डोळ्यांचे, आईवर गेलेले. अडचण एकच. मादी कोरी हवी, म्हणजे कोषातून नुकती बाहेर पडलेली, नराची गाठ न पडलेली. अशा मादीचा रंग फिका असतो आणि पोटावर एक काळसर ठिपका दिसतो. एखादी आधीच आपल्या बाटलीतल्या नराला भेटलेली निसटून आली, की सगळं मुसळ केरात. पण माद्या निवडायला माशी बसली की मॅडमसुद्धा निर्धास्त असत.

माद्या निवडायच्या दिवशी दोघी सकाळी लवकर आल्या. माशीने बसल्या बसल्या दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"उजेड टोचतोय गं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय."

"घरी जा मग. मी करते."

"तू? तू नवरदेवालाच नवरी म्हणून पाठवशील." ती हसली, पण तिच्या हातातून ब्रश दोनदा सुटला. मान अवघडल्यासारखी एका हाताने धरून तिने काम पुरं केलं, बाटलीला बोळा लावला आणि चिठ्ठीवर दोघींची नावं लिहिली. "आता जाते. यांच्यावर लक्ष ठेव."

ती गेली ती गेलीच. त्या रात्री ताप भडकला. दवाखान्यात नेईपर्यंत ती बरळायला लागली होती. मेंदूला सूज आलीय असं डॉक्टर म्हणाले. आठवडा पुरा व्हायच्या आत वर्गातल्या कुणीतरी बारकीला फोन केला आणि नुसतं म्हटलं, "तू खाली बस आधी."

नंतरचे काही दिवस बारकी कॉलेजला येत होती, बसत होती, काय शिकवलं ते विचाराल तर शून्य. मॅडमनी तिला दुसऱ्या एका जोडीत घ्यायची तयारी दाखवली. "ती बाटली राहू दे," त्या म्हणाल्या, "मी टाकून देते." बारकी एकदम म्हणाली, "नको!" आवाज इतका मोठा झाला, की सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली.

मग पिल्लं बाहेर पडायला लागली. बारकीने त्या नव्या माश्या गुंगवल्या, फरशीवर ओतल्या आणि माशीसारखंच वेगवेगळं करायला घेतलं. लाल डोळ्यांच्या लेकी. पांढऱ्या डोळ्यांचे लेक. सगळं जसंच्या तसं येत होतं आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. तेवढ्यात ब्रशखाली एक पांढऱ्या डोळ्यांची माशी आली. टोकदार, पट्ट्यापट्ट्यांचं पोट. मादी. तिने डोळे चोळले, भिंग फिरवलं. मादीच होती. तिच्यामागून आणखी एक. मग आणखी.

या लेकी असायलाच नको होत्या. त्यांच्या आईची कुणा पांढऱ्या डोळ्यांच्या नराशी आधीच गाठ पडली होती आणि तो ठिपका, तो फिका रंग बघून घेणं माशीला त्या सकाळी जमलं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून काम करणारी ती पोर, तिला समोरचं नीट दिसतच नव्हतं. म्हणजे सकाळीच... बारकीने ब्रश खाली ठेवला. दुखणं रात्री सुरू झालं नव्हतं. इथे, या स्टुलावर, ते तिला धरून बसलं होतं.

तेवढ्यात दार लोटून मॅडम आल्या. बरोबर एक बाई होती, साधी, थकलेली. छातीशी धरलेल्या पिशवीतून पांढऱ्या एप्रनची बाही बाहेर आली होती. बारकी उठून उभी राहिली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने या बाईला पाहिलं होतं. माशीची आई.

"कपाटातल्या वस्तू न्यायला आल्यात," मॅडम हळू म्हणाल्या. "ती कुठे बसायची ते बघायचंय त्यांना."

"इथंच, काकू. माझ्या शेजारी."

काकूंनी स्टुलावरून हात फिरवला. "घरी तर एका जागी बसायची नाही. भिंगरी म्हणायचो आम्ही तिला."

"इथे माशी म्हणायचे सगळे."

"माशी?" काकूंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "काय बघायची गं ती एवढं? मला दाखव ना."

बारकीने त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम, "अगं बाई, केवढे लाल डोळे!"

"त्या लेकी. बापावर गेलेल्या."

"आणि हे पांढरे?"

"ते... लेक. आईवर गेलेले."

काकू बराच वेळ बघत राहिल्या. भिंगावरून डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "तू होतीस ना त्या दिवशी तिच्याबरोबर? डॉक्टर सारखं विचारत होते, कधीपासून बरं नाही? मी सांगितलं, रात्रीपासून. माझी पहाटेची पाळी असते. निघाले तेव्हा ती झोपली होती, उठेल म्हणून हात लावून पाहिलं नाही." त्यांनी मान वर केली. "सकाळी चांगली होती ना गं?"

पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी फरशीवर पडल्या होत्या, काकूंच्या बोटांपासून वीतभरही लांब नाही. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एकवार फरशीकडे पाहिलं, एकवार बारकीकडे. त्यांना कळायला एक नजर पुरे होती.

"चांगली होती, काकू," बारकी म्हणाली. "मला चिडवत होती. म्हणाली, तू नवरदेवालाच नवरी म्हणून पाठवशील."

"अशीच बोलायची कार्टी." काकूंनी डोळे पुसले. "मग हे तिचं काम? बरोबर आलं?"

"हो. अगदी बरोबर आलं."

काकूंच्या खांद्यावरचं ओझं किंचित उतरलं. जाताना दारात त्या थांबल्या, वळून आल्या आणि बारकीच्या कपाळाला उलटा हात लावला. नीट, सावकाश, जरा वेळ तसाच ठेवला. "गार आहेस," म्हणाल्या. "जप गं स्वतःला."

त्या दिसेनाशा झाल्या तशी बारकी मटकन खाली बसली आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा रडली, हुंदके आवरेनात अशी. माश्या ईथरच्या गुंगीतून जाग्या व्हायला लागल्या होत्या. एकीचे पाय हलत होते. मॅडमनी त्या बाटलीत लोटून पुन्हा गुंगवल्या, माशीचं स्टूल ओढून घेतलं आणि ब्रश हातात धरला.

"मी वेगळ्या करते. तू लिही."

"काय लिहू?"

"जे आहे ते."

बारकीने नाक पुसलं, रकाने आखले. मॅडम एकेक करून सांगत गेल्या. मादी, लाल. नर, पांढरे. मादी, लाल. मग जरासं थांबून, "मादी, पांढरे." बारकीने ते लिहिलं.

पुढे तो संकर त्यांनी पुन्हा लावला. यावेळी माद्या बारकीने निवडल्या, दिव्याचा उजेड स्वतःकडे ओढून, प्रत्येकीचा ठिपका दोनदा बघून. यावेळी सगळं गणिताप्रमाणे आलं. चिठ्ठीवर मॅडमनी एकच नाव लिहायला सांगितलं होतं, पण तिने दोन लिहिली.