मौनी देवीचा फोटो

गांधीबागेतल्या कापडवाल्या मारोतरावांची गोपिका नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली एका रविवारी पेपरात तिचा फोटो आला, दोन्ही कानांवर हात ठेवलेला. खाली छापलं होतं, "अंतरीचा नाद ऐकणारी मौनव्रती बालिका." लगेच दारात रांग लागली. बाया तिची ओटी भरू लागल्या. भजनी मंडळ झांजा कुटू लागलं आणि गोपिकेने कान आणखी घट्ट दाबले. भक्तांची तर खात्रीच पटली.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होतो. तणतणत पेपरच्या कचेरीत गेलो आणि बातमीदार चंद्रभानला सुनावलं, "हे व्रत नाही, याला ऑटिझम म्हणतात. तिला आवाज सहन होत नाही."

"मराठीत सांग ना गा. लोकायले काय समजन?"

मी तासभर घसा कोरडा केला. त्याने मान डोलावली, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, "मौनी देवी निघाली वेडी! मानसशास्त्रज्ञाचा निर्वाळा." फोटो तोच होता. खाली लिहिलं होतं, "झटका आला असताना."

रांग आटली. ओटी भरणाऱ्या बाया आता त्या दारावरून पोरांना ओढत नेऊ लागल्या. मी तोंड लपवत मारोतरावांकडे गेलो. झांजा थांबल्या होत्या. गोपिका कानांवरचे हात काढून कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसली होती, अगदी निवांत.

मी धावत चंद्रभानकडे गेलो. म्हटलं, "चल, आता काढ तिचा फोटो!"

"काहून?" तो म्हणाला. "याच्यात बातमी काय हाय?"