भुऱ्याची एकादशी

मी एक जुनी दगडी डोणी आहे. मित्रांनो, दगडाला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, पण मला येतो. गोष्ट चव्वेचाळीस सालची आहे, तरी अजून येतो.

सोनईच्या सूर्यभान पाथरवटाने जाते घडवून उरलेल्या दगडातून मला घडवले. काकासाहेब आणि रतनबाई या शेतकरी नवराबायकोने मला दारात ठेवले, त्यांच्या भुऱ्या कुत्र्यासाठी. भुऱ्या भाकरी संपवून मला असा चाटायचा, की रतनबाईंना मला धुवावे लागत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एके दिवशी त्याने भाकरीचा तुकडा उचलला, मान वाकडी करून एकाच बाजूने चावला आणि टाकून दिला. त्याची लाळ माझ्यात ठिबकत राहिली. नेमकी त्या दिवशी एकादशी होती.

"बघ, कुत्र्यालाबी एकादस कळती," काकासाहेब म्हणाले. झाले, गावभर बोभाटा झाला. पुढे तो नुसते दूध चाटू लागला, तर त्याला साधू ठरवले. बायका येऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावत. हात पाहून तो मागे सरके, तर म्हणत, याला विरक्ती आली. दुखरा जबडा तो माझ्या काठावर घासत असे. काठ लाल झाला, तर तेही कुंकूच समजले. मला बोलता येत नव्हते आणि ज्यांना येत होते ते भलतेच बोलत होते.

पुढच्या एकादशीपर्यंत त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शेपूट हलवायचेही त्याने सोडले. त्या दिवशी भिमाजी धनगर पाणी मागायला दारात आला. त्याने माझ्या काठावर बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"बाई, हे कुकू न्हाई, रगात हाय. ह्याचं तोंड उघडून बघितलं का कुनी?"

रतनबाईंनी भुऱ्याचे डोके धरले, भिमाजीने जबडा उघडला. दाढेजवळ हाडाची कपची रुतून हिरडी पिकली होती. कपची निघताना भुऱ्या एकदाच केकाटला.

"पंधरा दिस मी ह्याच्या पाया पडत हुते," रतनबाई म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या.

महिन्याने, एकादशीलाच, भुऱ्याने दीड भाकरी खाल्ली आणि मला चाटून लख्ख केले. "मोडली एकादस ह्यानं," म्हणत काकासाहेब हिरमुसून आत गेले. कुंकू लावायला कोणी फिरकले नाही.

मित्रांनो, मुके जनावर घास टाकते, तोंड घासते, हात लावू देत नाही, तेव्हा ते आपले दुखणेच सांगत असते. आधी त्याचे तोंड उघडून पाहा. पंचांग मागाहून पाहा.