सोन्याखालची ओल

"सोन्यासमोर बोलू नये, पोरी. पाखरू आहे ते, उडून जाईल."

वडील जाऊन कैक वर्षं झाली, तरी सोन्याचा वर्ख हातात घेतला की ताईच्या कानात हा आवाज यायचा आणि ओठ आपसूक मिटायचे. लाकडाचं कोरीवकाम धाकट्या भावाचं, त्यावरचं सोनं तिचं. असाच दोघांचा संसार, एका खोलीतला, भुशाचा आणि सरसाच्या वासाचा.

सध्या खोलीत दोन पाहुण्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या, इटलीतल्या जुन्या, हातवाल्या खुर्च्या. हातांवर मुरडलेली पानं, पाठीवर शिंपला. तुटलेली पानं धाकट्यानं नव्यानं कोरली होती. त्यावर ताईनं लाल मातीचा लेप दिला, पाण्यानं भिजवला आणि काल वर्ख अलगद टेकवला. आता अकीकाच्या खड्यानं घासायचं, की सोनं हसतं. पण आधी खड्यानं ठोकून बघायचं. माती आतून सुकली असेल तर टिक वाजतं.

टिक, टिक, टिक. पानाच्या खाचेत मात्र थप.

"धाकट्या, खुर्चीला घाम फुटलाय का?"

"इटलीची ना ती. आपली हवा बाधली असेल."

ताई पुढे ठोकत गेली. शिंपल्याच्या पोटात थप. पायाच्या वळणात थप. जिथं जिथं सावली, तिथं तिथं ओल. तिनं बोट फिरवलं. वर्खावर वर्ख चढलेला, गोधडीला ठिगळ लावावं तसा. हा हात तिचा नव्हता. हा पटाशी धरणारा हात होता, आणि तो आज सकाळी तिच्या आधी इथं येऊन गेला होता.

म्हणजे काल तिथं सोनं लागलंच नव्हतं. उघडी लाल माती राहिली होती, आणि तिला ती सोन्यासारखीच दिसली होती.

हे गेल्या हिवाळ्यापासूनचं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की हातातला कुंचला जाणार. मग या खोलीत येऊन करायचं काय, नुसता चहा?

"सोनं चोरून नेणारे ऐकलेत," ती म्हणाली. "चोरून लावणारा तूच पहिला."

पटाशी थांबली. धाकटा मान वर करेना.

"थोडंसंच राहिलं होतं गं. म्हटलं, कंटाळली असशील."

किती मायेनं त्यानं सुटकेचं दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर दोघंही कामाला लागले असते, आणि उद्या सकाळी तो पुन्हा लवकर आला असता.

ताईनं खडा खाली ठेवला.

"कंटाळा नाही रे," ती म्हणाली. "मला दिसत नाही. माती कुठं संपते आणि सोनं कुठं सुरू होतं, कळतच नाही मला आता."