नयनने पाहिलेल्या पेशी

"ताई, तुम्ही स्वतः केलीय का ही टेस्ट?"

ऋतुराजने हे विचारलं तेव्हा कल्याणच्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राच्या, व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं, ते बरं झालं. नयन सटपटली. एकोणीस वर्षं ती स्वतः एचआयव्हीच्या गोळ्या घेत होती, आणि गेली अकरा वर्षं याच सेंटरवर नव्या पेशंटना समजावण्याचं काम करत होती. गोळी चुकवू नका, टीबीची तपासणी करून घ्या, नवऱ्याला बरोबर आणा, हे सगळं ती सांगायची ते स्वतः त्यातून गेलेल्या माणसाच्या हक्काने. आज पहिल्यांदा ती न केलेली गोष्ट दुसऱ्याला करायला सांगत होती, आणि समोरच्याने ते नेमकं पकडलं होतं.

महिन्याभरापूर्वी ठाण्याच्या एका हॉस्पिटलातल्या डॉ. ऐश्वर्या सेंटरवर येऊन गेल्या होत्या. त्यांनी तिथे नवी ओपीडी सुरू केली होती. गुदमार्गाचा कॅन्सर व्हायच्या आधीच तो कुठे तयार होतोय का, हे बघायची. एचआयव्ही असलेल्यांना त्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणाल्या. जे पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात त्यांनी पस्तिशीनंतर, बाकीच्यांनी पंचेचाळिशीनंतर तपासून घ्यावं. यादी करायचं काम नयनकडे आलं.

ऋतुराज अडतीस वर्षांचा. डोंबिवलीत जिममध्ये ट्रेनर. आपल्याला पुरुष आवडतात हे त्याने आयुष्यात दोनच माणसांना सांगितलं होतं, त्यातली एक नयन.

"नाही केली," नयन म्हणाली.

"तुमचं वय पंचेचाळीसच्या वर आहे ना?"

"एकोणपन्नास."

"मग आधी तुम्ही करा. नंतर मला सांगा कसं वाटतं ते." तो हसला, पण आतून घाबरलेला होता, हे तिला दिसत होतं.

त्याच दुपारी तिने डॉ. ऐश्वर्यांना फोन लावला.

ठाण्याला जाताना बरोबर गोदा आली. गोदा तिची मोठी जाऊ. मानपाड्याजवळच्या गावात दोघींची घरं एकाच अंगणात. नयनचा नवरा गेला आणि पाठोपाठ तिचाही रिपोर्ट आला, तेव्हा याच गोदाने तिचा ताट-पेला वेगळा काढला होता. चारेक वर्षांनी तो पेला कधीतरी बाकीच्या भांड्यांत मिसळून गेला. त्यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत. आता मात्र नयनला कुठल्याही डॉक्टरकडे जायचं असलं की गोदा आधीच पायात चपला घालून ओट्यावर उभी असायची.

"कसली गो टेस्ट?" शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली तेव्हा गोदाने विचारलं.

नयनने तिच्या कानात सांगितलं.

"अगं बाय!" गोदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मग थोड्या वेळाने, "दुखल का?"

"माहीत नाही."

दुखलं नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. डॉ. ऐश्वर्यांनी पाण्यात भिजवलेली एक काडी, कानातला मळ काढायच्या काडीपेक्षा जरा मोठी, अलगद आत घातली आणि गोल गोल फिरवत सावकाश बाहेर काढली. चुरचुरलं, ओशाळल्यासारखं झालं, आणि संपलं. मिनिटभराचं काम. काडी एका छोट्या बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात खळबळवली आणि झाकण लावलं. मग हातमोजा घालून बोटाने तपासलं, कुठे गाठ लागत नव्हती.

"या एकाच बाटलीतून दोन गोष्टी कळतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या पेशी कशा दिसतात ते, आणि एचपीव्ही नावाचा विषाणू आहे का ते."

कपडे नीट करून नयन खुर्चीत बसली. मनात होतं ते तिने विचारलंच. "मॅडम, मी एकोणीस वर्षं दवाखान्यांत फिरतेय. ही टेस्ट आजपर्यंत कोणी का नाही सांगितली?"

"खराब जागा आधी सापडली आणि ती जाळून टाकली, तर कॅन्सर खरंच टळतो, याचा पक्का पुरावा अलीकडेच मिळाला," त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "आणि दुसरं म्हणजे, नयनताई, हा कॅन्सर तयार व्हायला खूप वर्षं लागतात. कधी दहा, कधी वीस. पूर्वी एचआयव्हीचा माणूस तेवढा जगायचाच नाही. मग कोण कशाला बघणार? तुम्ही आता म्हातारपणापर्यंत जगणार आहात. म्हणून बघायचं."

नयनला पुढचं काही ऐकू आलं नाही. २००६ साली तिचं वजन चौतीस किलो होतं, आणि वॉर्डाच्या दाराबाहेर एका डॉक्टरने तिच्या दिराला हळू आवाजात सांगितलं होतं, घरी न्या, सहा महिने धरा. दार पुरतं लागलं नव्हतं. तेव्हापासून तिने आयुष्य सहा-सहा महिन्यांचंच धरलं होतं. तुम्ही म्हातारपणापर्यंत जगणार आहात, हे तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. आणि ही बाई ते इतक्या सहज, जणू पत्ता सांगितल्यासारखं बोलून गेली होती.

दोन आठवड्यांनी फोन आला. समक्ष या.

विषाणू सापडला होता, त्याच्या प्रकारांतला सगळ्यात खोडकर, सोळा नंबरचा. पेशींतही जास्त बदल दिसत होते. "हा कॅन्सर नाही," डॉ. ऐश्वर्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या. "पण नुसतं बसून राहण्यासारखंही नाही. आत दुर्बिणीने बघावं लागेल."

नयनचे कान तापले होते. "मॅडम, पण मी तर कधी... म्हणजे तसं काही..."

"गरज नसते त्याची. हा विषाणू कातडीवरून पसरतो. बायकांमध्ये पुढच्या बाजूने मागे सहज जातो. तुमच्या नवऱ्याकडून पंचवीस वर्षांपूर्वी आला असेल. बहुतेकांचं शरीर त्याला हुसकून लावतं. तुमचं शरीर तेव्हा दुसऱ्याच लढाईत होतं."

शेजारच्या खुर्चीतली गोदा पुढे सरकली. ती एकदम म्हणाली, "मंग इचा काय दोस हाय?"

"काहीच नाही."

"तेच म्हनतंय मी," गोदा म्हणाली, जणू कोणीतरी उलटं म्हटलं होतं.

दुर्बिणीच्या दिवशी नयनने स्क्रीन आपल्या बाजूला वळवून मागितला. पेशंट सहसा मान फिरवतात. डॉ. ऐश्वर्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्क्रीन वळवला. बोटभर लांबीच्या नळीतून आतलं दिसत होतं. ओलसर, गुलाबी, चमकणारं, तान्ह्या बाळाच्या तोंडाच्या आत असतं तसं. नयनला वाटलं होतं किळस येईल. ती बघतच राहिली. एकोणपन्नास वर्षं हे आपल्याबरोबर होतं, रोज काम करत होतं, आणि आपण त्याला एकदाही बघितलं नव्हतं.

"खराब कुठे आहे?"

"अजून दिसत नाहीये. आता व्हिनेगर लावते."

"चायनीजच्या गाडीवर असतं ते?"

"जवळपास तेच," डॉक्टर हसल्या. "दोन मिनिटं थांबायचं."

गार वाटलं. गुलाबी जागा तशीच गुलाबी राहिली. आणि मग एका कोपऱ्यात काहीतरी उमटायला लागलं. तव्यावर टाकलेल्या अंड्याचा पारदर्शक भाग जसा कडेकडेने पांढरा होत येतो, तसं. कोणी हात लावत नव्हतं, काही हलत नव्हतं, आणि तिथे तिळाएवढा पांढरा ठिपका स्वतःहून वर आला. त्यात लाल बारीक टिंबं, सुईच्या टोकाने टोचल्यासारखी.

"हाच," डॉ. ऐश्वर्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलं असणार, तरी त्यांचा आवाज खाली आला होता.

एवढासा. चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरने दाखवून दिलेला. नयनच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता. वीस वर्षांनी जो राक्षस झाला असता, तो असा तिळाएवढा असताना, दिवसाढवळ्या, ठाण्याच्या एका खोलीत तिला दिसत होता.

त्यातला तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी तेच कळलं, कॅन्सरच्या आधीची पायरी. नंतरच्या सोमवारी भूल देऊन तेवढीच जागा विजेच्या सुईने जाळली. भुलीचं इंजेक्शन टोचताना दुखलं. पुढचे चार दिवस वाईट गेले, संडासला जायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. गोदा दिवसातून तीनदा घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवायची आणि दाराबाहेर बसून पाणी थंड होईपर्यंत गावातल्या लग्नांच्या गोष्टी सांगायची.

पाचव्या दिवशी ऋतुराजचा फोन आला. नयनने त्याला सगळं सांगितलं होतं, न लपवता, दुखलं तेही.

"ताई, मी बाहेर उभाय. हॉस्पिटलच्या. अर्धा तास झाला."

"मग आत जा."

"तुमच्यासारखं निघालं तर?"

"माझ्यासारखं निघालं तर माझ्यासारखंच बरं होईल. जा रे, उन्हात उभा राहू नको."

तो गेला. त्याच्या पेशी स्वच्छ निघाल्या, विषाणू नव्हता. निकाल सांगताना तो फोनवर इतका जोरात ओरडला की नयनने फोन कानापासून लांब धरला.

सहा महिन्यांनी नयनची पुन्हा काडी झाली, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा स्क्रीन. या वेळी दोन मिनिटं झाली, तीन झाली. गुलाबी ते गुलाबीच राहिलं. काडीचा निकालही चांगला आला. यापुढे ठराविक दिवसांनी येत राहायचं होतं, कारण विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो.

"आणखी काही विचारायचंय?" डॉ. ऐश्वर्या म्हणाल्या.

"मला त्या पेशी बघायच्यात."

अशी मागणी त्यांच्याकडे कोणी केली नव्हती. त्यांनी फोन उचलला आणि नयन-गोदा दोघींना दुसऱ्या मजल्यावर डॉ. दीप्तींकडे पाठवलं. काचपट्ट्या वाचायचं काम यांचं. टेबलावर सूक्ष्मदर्शक, बाजूला ट्रेमध्ये ओळीने काचा. त्यांनी नयनच्या दोन काचा काढल्या, एक मागची, एक आताची.

"आधी आताची बघा. एक डोळा मिटायची गरज नाही."

नयन वाकली. आधी नुसता उजेड दिसला. मग डॉक्टरांनी बाजूचा स्क्रू फिरवला, आणि सगळं एकदम स्पष्ट झालं.

कितीतरी. पाण्यावर पसरलेल्या पाकळ्यांसारख्या, काही गुलाबी, काही हिरवट-निळ्या, कडा मधूनच दुमडलेल्या. आणि प्रत्येकीच्या मधोमध एक छोटासा गडद निळा ठिपका. प्रत्येकीच्या. एकही चुकलेली नव्हती.

"रंग आम्ही दिलाय, दिसाव्यात म्हणून," डॉ. दीप्ती म्हणाल्या. "आकार त्यांचा."

"या माझ्या?"

"तुमच्याच. आता ही जुनी."

जुन्या काचेवर पाकळ्यांच्या गर्दीत एक वेगळा झुबका होता. पेशी लहान, आणि मधला ठिपका फुगून जवळजवळ सगळी जागा खाल्लेला, काळपट, वेडावाकडा. नयनने श्वास धरला. त्याही तिच्याच होत्या. त्यांना काय झालं होतं ते त्या काचेवर लिहून ठेवल्यासारखं होतं, आणि या बाईंनी ते वाचलं होतं. ज्यांचं असं लिहिलेलं कोणी वेळेत वाचलंच नाही अशी कितीतरी माणसं तिला आठवली, सेंटरवर खूप उशिरा आलेली. ती कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली.

"सरक गो," मागून गोदा म्हणाली. "मना पन बगू दे."

गोदाने पदर खोचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकली. डॉ. दीप्तींनी पुन्हा चांगली काच लावली.

"या सगल्या इच्या?"

"हो."

"आन या रोज आपापलं काम करतान? कोनी सांगितल्याबिगर?"

"कोणी सांगितल्याशिवाय," डॉ. दीप्ती म्हणाल्या.

गोदा वर आली तेव्हा तिचा चेहरा नयनला ओळखू येईना. तिने नयनच्या हाताला हात लावला, दंडाला, मनगटाला, जणू तिला नव्याने चाचपत होती.

"बाई, माज्या पन अशाच असतील?" तिने डॉ. दीप्तींना विचारलं.

"असणारच. वय किती?"

"अठ्ठावन. पोरं चार. टेस्ट कंदी केलेली नाय कसलीच."

"मग तुमची गर्भाशयाच्या तोंडाची करू. विषाणू तोच, अशीच काडी. खालच्या मजल्यावर नाव द्या, आजच होईल."

जिना उतरताना गोदा कठडा धरून दोनदा थांबली. खाली खिडकीपाशी चार बायका रांगेत होत्या. ती पाचवी उभी राहिली, आणि पुढच्या अनोळखी बाईला म्हणाली, "घाबरू नको गो. आत बग, कवरं सुंदर असतंय."