सामान राखणारी

मुंबईला जायचे नक्की झाले, तशी खुशालरावांनी वहीत यादी लिहून काढली. राणीचा बाग, अजबखाना, अपोलो बंदर, चौपाटी, मलबार टेकडीवरचा बगिचा आणि दुमजली ट्राम. हिवरखेडच्या वाचनालयात मुंबईची वर्तमानपत्रे येत आणि ती सर्वांआधी उघडण्याचा मान खुशालरावांचा होता. त्यामुळे मुंबई न पाहताच त्यांना ती अर्धीअधिक पाठ होती.

दुसरी यादी त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईच्या, डोक्यात होती. ज्वारीचे पीठ, बेसन, तिखट, तेलाची बुधली, तवा, काठवट आणि पोतेभर गोवऱ्या. हसू नका! त्या काळी आपल्या वऱ्हाडातला माणूस काशीला निघो की मुंबईला, आपली चूल बरोबर घेऊनच निघायचा. परक्याच्या हातचे खायचे नाही हा घरचा शिरस्ता, आणि मुंबईत सरपणसुद्धा विकत घ्यावे लागते ही शेजारच्या नत्थुजींनी दिलेली बातमी. नत्थुजी सहा वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन आले होते, म्हणून या विषयात गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आणखी एक सल्ला दिला.

"भामटे लय हायेत तिथं, खुशालराव. जरा मान फिरोली का गाठोडं गायब! सामानापाशी एक मानूस बसोलंच पाह्यजे."

"बसवू ना," खुशालराव म्हणाले. कोणाला बसवायचे हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

खुशालराव काही वाईट गृहस्थ नव्हते. मळ्यात राबणारे, निर्व्यसनी आणि गावात सुधारक म्हणून ओळखले जाणारे. दहा वर्षांची लेक मनकर्णा हिला त्यांनी भावकीची बोलणी खाऊन शाळेत घातले होते. गेल्या जत्रेत 'स्त्रियांची उन्नती' या विषयावर त्यांनी अर्धा तास भाषण केले, तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. तो अर्धा तास मैनाबाई घरी पाहुण्यांसाठी पुरण वाटत होती, एवढेच.

मैनाबाईने निघण्यापूर्वी नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली. तिचा सारा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला. मोटेचे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायचे आणि त्यातले ओंजळभरही वाया जाऊ द्यायचे नाही, हे तिच्या अंगात भिनले होते.

"मले दुसरं काई नोको," ती म्हणाली. "पन तो समुद्र एकडाव पाहाचा हाय. इतकं पानी एका जागी कसं रायते, ते पाहाचं हाय."

"अवं, समुद्र पाहाले तं चाललो आपन!" खुशालराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

पौषातल्या एका पहाटे मंडळी निघाली. अकोटपर्यंत बैलांची दमणी, अकोटाहून अकोल्यापर्यंत मोटार आणि तिथून आगगाडी. बरोबर खुशालरावांच्या आत्या पार्बताबाई होत्या. पार्बताबाई विधवा, साठी ओलांडलेल्या आणि जिभेच्या भारी तिखट. गिरगावातल्या एका धर्मशाळेत तळमजल्याची खोली मिळाली. चौपाटी तिथून पाव तासाच्या सरळ वाटेवर होती.

पहिल्या दिवशी राणीचा बाग. ऊन असे छान पडले होते की बागेत पोरेबाळे घेऊन आलेल्या कुटुंबांची नुसती रीघ लागली होती. मनकर्णा हत्तीवर बसली. पार्बताबाईंनी सिंहाला लांबूनच नमस्कार केला. मैनाबाई आली नव्हती. "तुमी जाऊन या, मी तवर भाकरी टाकून ठेवीन. अन् सामान हायेच," असे ती म्हणाली आणि खुशालरावांना ते अगदी बरोबर वाटले.

दुसऱ्या दिवशी अपोलो बंदर. तिथे होडीत बसणे झाले, दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसणे झाले, मलबार टेकडीवरचा बगिचा पाहणे झाले, उतरत्या उन्हात चौपाटीवर मनकर्णाचे पाण्यात नाचणेही झाले. या दिवशी पार्बताबाईसुद्धा आल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. परत आल्यावर गरम पिठले-भाकरी तयार होतीच. "उद्या नेऊ तुले," खुशालराव बायकोला म्हणाले. आदल्या दिवशीही ते असेच म्हणाले होते.

तिसरा दिवस शेवटचा. संध्याकाळची गाडी. वहीत अजबखाना तेवढा राहिला होता, म्हणून खुशालराव सकाळीच आंघोळ उरकून, डोक्याला पागोटे बांधून मनकर्णाला हाक मारायला आले आणि दाराशीच थबकले. आत मायलेकी बोलत होत्या.

"पुन्हा सांग वं मने. पानी कोन्या रंगाचं?"

"दुरून निळं. जवळ आलं का मातीवानी."

"अन् मंग?"

"मंग ते येते. अन् मांगं जाते. अन् पुन्हा येते."

"मांगं जाते? काहून?"

"जातेच मांगं," मनकर्णा म्हणाली.

"येते, मांगं जाते, पुन्हा येते." मैनाबाई पिठात हात घालून शाळेतल्या पोरीसारखी घोकत होती. "अन् त्या तिकडच्या काठाले काय हाय?"

"तिकडं काठच नाई, माय."

"काठच नाई? बरं झालं विचारलं! मी तं काठ सांगतला असता." तिने पीठ पुन्हा मळायला घेतले. "गावी गेल्यावर विहिरीवर बाया विचारतीन ना वं. तीन रोज मुंबईले होती अन् समुद्र नाई पाह्यला, असं कसं सांगू? तुह्या बाबाची लाज जाईन."

खुशालरावांचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. आपल्या बायकोला दोन दिवस जे आपण दाखवले नाही, ते ती लेकीकडून पाठ करून घेत होती, आणि तेही आपली अब्रू राखण्यासाठी! पागोट्याखाली त्यांचे कान तापले. ते तसेच मागे फिरले. ओट्यावर पार्बताबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"आयकलं?" त्या म्हणाल्या.

"आत्या, तिनं मले म्हटलं अस्तं तं मी नेलं नसतं काय?" खुशालराव सावरून घेऊ लागले. "मी काय तिले बांधून ठेवलं?"

"बांधलं नाई रे बापू. पन सोडलं तरी कवा?"

पार्बताबाईंचा आवाज चढला नाही. त्या नेहमी फटकारून बोलत, आज हळू बोलत होत्या आणि तेच खुशालरावांना जास्त झोंबले.

"माहे मालक साऱ्या गावात सांगत, बायकोले काशी दाखोली, नाशिक दाखोलं, ओंकारेश्वर दाखोलं. काय दाखोलं? धर्मशाळेच्या चुली! नाशिकची चूल डाव्या अंगाले होती अन् ओंकारेश्वरची उजव्या अंगाले. इतकाच फरक मले ठाऊक हाय. देवाचं दर्शन झालं, पन कसं? शेवटच्या दिवशी, गाडीची घाई, धावत जाऊन धावत आली." त्यांनी पदराने तोंड पुसले. "परवा तुह्यासंग हत्ती पाह्यला. जलमात पैल्यांदा नुसतं पाहाले म्हनून गेली मी. लय बरं वाटलं. अन् मंग ध्यानात आलं, माह्या जागी चुलीपाशी ते बसली हाय. एकीले उठोलं अन् दुसरीले बसोलं, याले सुधारना म्हन्तेत काय रे तुह्या वाचनालयात?"

"पन सामान, आत्या..."

"काय हाय सामानात? उघडून तं पाहा! मुंबईचा भामटा येईन अन् हिवरखेडच्या गोवऱ्या उचलून नेईन, हेच भेव हाय ना तुले?"

एरवी खुशालराव हसले असते. आज त्यांना हसू आले नाही. जत्रेतले आपले भाषण त्यांना आठवले, त्यातल्या टाळ्या आठवल्या आणि आपलीच आपल्याला शरम वाटली. केवढी ही चूक! लेकीला शाळेत घालून आपण सुधारक झालो आणि तिच्या आईकडे वळूनसुद्धा पाहिले नाही! मुंबईला आपण बायको नाही आणली, स्वयंपाकीण आणली आणि पहारेकरीण आणली!

ते तडक खोलीत गेले. "अवं, ऊठ. हात धू. लुगडं बदल. चौपाटीवर जाचं हाय."

मैनाबाई घाबरलीच. "आत्ता? अन् गाडीतल्या भाकरी?"

"राहू दे. चाल, समदेच जाऊ."

"अन् सामान?" मैनाबाई जागची हलेना. "इथं कोनी नसलं तं माहा जीव इथंच रायीन. समुद्रापाशी जाऊनही मले गाठोडंच दिसन."

ती खोटे बोलत नव्हती. बारा वर्षे अंगवळणी पडलेली गोष्ट एका सकाळी कशी सुटणार? खुशालरावांनी पागोटे उतरवून खुंटीला लावले आणि चुलीपाशी बसकण मारली.

"मंग मी बसतो. आत्या अन् मनीसंग तू जाय. वाट मनीले ठाऊक हाय. भाकरी मी थापीन."

"अगं बाई! लोक काय म्हनतीन?"

"खुशालराव सामान राखून राह्यले म्हनतीन. म्हनू दे ना."

पार्बताबाईंनी भाचेसुनेचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच बाहेर काढले. मनकर्णा पुढे धावत सुटली.

मग खुशालराव एकटे उरले. पहिली भाकरी काठवटीत मोडली. दुसरी तव्यावर अशी पडली की तिच्यात मेळघाटातल्या डोंगरदऱ्यांचा नकाशा उमटला. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत गेला. शेजारच्या खोलीतले दोघे खानदेशी पुरुष दारात येऊन बघून गेले आणि एकमेकांना कोपराने ढोसून हसले. खुशालरावांनी खाली मान घालून तिसरी भाकरी थापायला घेतली.

भाकरी झाल्या तरी वेळ संपेना. ते भिंतीला टेकून बसले आणि समोर पाहू लागले. समोर होता धर्मशाळेचा नळ, त्यापलीकडे शेवाळलेली भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेली कोणाची तरी दोन धोतरे. तिथून आणखी काही दिसत नव्हते. ऊनसुद्धा भिंतीच्या वरच्या अंगावरच होते, खाली उतरत नव्हते. बाहेर ट्रामची घंटा वाजली की मान वळायची, पण ट्राम काही दिसायची नाही. अशी दोन दिवसांची मुंबई मैनाबाईने पाहिली होती! दोनच तासांत खुशालरावांचा जीव मेटाकुटीला आला, आणि मनात आले की बाईने एक शब्द तक्रारीचा काढला नाही, उलट आपल्याला गरम भाकरी वाढली.

दुपार होता होता मंडळी परतली. मैनाबाईचे लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते, केस वाऱ्याने विस्कटले होते आणि ती बोलत होती. बारा वर्षांच्या संसारात खुशालरावांनी तिला एवढे बोलताना कधी ऐकले नव्हते.

"किती पानी हो! कोनी वळवून नाई राह्यलं, कोनी अडवून नाई राह्यलं. आपल्या मनानं येते अन् आपल्या मनानं जाते! मी उभी राह्यली तं माह्या पायाखालची वाळूच नेली त्यानं. मी ओरडली, आत्याबाई ओरडल्या, अन् मंग आमी दोघी अशा हासलो का लोक पाहाले लागले. मनीनं सांगतलं होतं ते समदं खरं होतं. पन ते सांगून समजत नाई हो, ते पाहाच लागते!"

एवढे बोलून तिची नजर भाकरीच्या टोपलीवर गेली. तिने एक भाकरी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तोंडाला पदर लावून पुन्हा हसू लागली. त्याच भाकरी रात्रभर गाडीत चौघांनी खाल्ल्या. मैनाबाईने नावे ठेवली नाहीत. पार्बताबाईंनी मात्र अकोला येईपर्यंत ठेवली.

गावी परतल्यावर वाचनालयात मंडळी जमली. खुशालरावांनी मुंबईची सारी हकीकत सांगितली. मध्येच नत्थुजींनी विचारले, "अन् सामानापाशी कोनाले बसोलं होतं?"

"दोन दिवस बायकोले बसोलं," खुशालराव सगळ्यांसमोर म्हणाले. "ते माहं चुकलं. तिसऱ्या दिवशी मी बसलो, तवा तिनं समुद्र पाह्यला."

चारचौघांत हशा पिकला. नत्थुजीही हसले, पण त्यांचे हसू मध्येच विरले. ते लवकर उठून घरी गेले. त्यांची बायको गंगूबाई त्यांच्याबरोबर मुंबईला जाऊन आली होती आणि गेली सहा वर्षे विहिरीवर बायांना समुद्राचे वर्णन करून सांगत असे. ती लसूण सोलत बसली होती.

"अवं, खरं सांग," नत्थुजींनी विचारले, "तू समुद्र पाह्यला होता काय?"

गंगूबाईने पुढची पाकळी सोलायला घेतली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमी सांगत्ला होता ना. तोच सांगून राह्यली मी."

वाचकहो, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ही दोन्ही कुटुंबे मिळून चिखलदऱ्याला गेली. सामानापाशी पाळीपाळीने बसायचे ठरले आणि पहिली पाळी नत्थुजींनी आपणहून मागून घेतली. बाया पोरांना घेऊन डोंगराच्या कड्यापर्यंत जाऊन आल्या. कोणाचे काही चोरीला गेले नाही आणि कोणी उपाशीही राहिले नाही.

घरातल्या एका माणसाला चुलीपाशी बसवून बाकीच्यांनी केलेली मौज ही साऱ्या घराची मौज नव्हे. आपल्यातल्या कित्येक घरांत अशी एक गंगूबाई आहे. तिने काही पाहिलेले नाही, आणि ते कोणाला कळू नये म्हणून ती ऐकीव गोष्टी आपल्या म्हणून सांगते. उद्या तुम्ही जत्रेला निघाल, डोंगरावर निघाल, समुद्राला निघाल. तेव्हा आधी तिला विचारा, तुला काय पाहायचे आहे? आणि ती मनसोक्त पाहून परत येईपर्यंत सामानापाशी तुम्ही बसा.